कपाळावरच्या कातडीपासून काचेच्या बशीपर्यंत: त्वचेच्या मूलपेशी कशा सापडल्या

मागच्या महिन्यात ओपीडी संपत आली होती. ब्लडप्रेशरच्या माझ्या एक जुन्या पेशंट तपासून झाल्यावर उठल्या, आणि पुन्हा बसल्या. पर्समधून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टर, एक विचारायचं होतं. मुलीचं लग्न आहे डिसेंबरात. पार्लरवालीनं हे दिलंय. यात स्टेम सेल आहेत म्हणे, चेहऱ्याची कातडी नवीन येते. तिला लावू देऊ ना?"

बाटली बोटाएवढी, किंमत माझ्या महिन्याच्या पेट्रोलएवढी. लेबल वाचायला चष्मा बदलावा लागला. बारीक अक्षरात लिहिलं होतं: सफरचंदाच्या मूलपेशींचा अर्क.

त्यांना मी काय सांगितलं ते शेवटी लिहितो. त्या गेल्यावर मला मात्र ती बाटली नाही, एक वॉर्ड आठवत राहिला.

मी इंटर्न असताना, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, माझी काही आठवडे बर्न्स वॉर्डात पोस्टिंग होती. ज्यांनी तो वॉर्ड पाहिला आहे त्यांना वर्णन करायची गरज नाही आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना करून उपयोग नाही. पेशंट बहुतेक तरुण बायका. केसपेपरवर कारण ठरलेलं, 'स्टोव्हचा भडका'. खरं कारण कधी कधी रात्री ड्रेसिंग करताना कानावर यायचं. बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी साधारण साठ टक्के भाजून आली होती. पहिल्या दोन दिवसांचा धोका, सलाईनचं गणित, किडनी, या सगळ्यातून ती पार पडली. बोलायची, जेवायची. मला 'डॉक्टरदादा' म्हणायची. मी घरी जाऊन आईला सांगितलं की ती वाचणार.

आमच्या सरांनी राउंडला विचारलं, "कातडी कुठून आणणार?"

हे गणित तुम्हीही करून बघू शकता. तुमचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे तुमच्या शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण एक टक्का. साठ टक्के भाजलं तर साठ तळहात कातडी हवी. उरली चाळीस. त्यात चेहरा, हात, पावलं, सांधे; तिथली काढता येत नाही. उरलेल्या जागेवरून पातळ कातडी सोलायची, तिला जाळीसारख्या चिरा पाडून ताणायची, लावायची, मग सोललेली जागा भरून येईपर्यंत दोन आठवडे थांबायचं आणि पुन्हा तिथूनच काढायची. तोवर उघड्या जखमेत जंतू वाट बघत बसलेले असतात. ती मुलगी एकोणिसाव्या दिवशी जंतुसंसर्गानं गेली. भाजल्यानं नाही, कातडी कमी पडल्यानं.

कातडी वाढवता आली असती तर? हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला, आणि लाज वाटते सांगायला, त्याचं उत्तर माझ्या जन्माच्या आसपासच शोधायला सुरुवात झाली होती आणि मी इंटर्न होईपर्यंत परदेशात ते वापरातही आलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. पण या गोष्टीची सुरुवात त्याच्याही दोनशे वर्षं आधी, आणि आपल्याच गावात करावी लागते.

पुण्याचा कुंभार

१७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र आणि सोबत एक चित्र छापून आलं. चित्रातल्या माणसाचं नाव कावसजी असं दिलं आहे. नाव पारशी वाटतं, पण मासिक त्याला मराठा शेतकरी म्हणतं. टिपूविरुद्धच्या लढाईत तो इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं आणि त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराहून जास्त काळ तो नाकाशिवाय राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवीन नाक बसवून दिलं. हा माणूस वैद्य म्हणून नोंदलेला नाही. विटा करणाऱ्या जातीतला, म्हणजे कुंभार, एवढीच ओळख आहे. मुंबई इलाख्याच्या नोकरीतल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली. काळ म्हणाल तर सवाई माधवरावांची पेशवाई.

पद्धत अशी. मेणाची पातळ चकती नाकाच्या खुंटावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा. ती चकती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि तिच्या कडेनं रेघ मारायची. तेवढी कपाळाची कातडी सोडवायची, पण पूर्ण तोडायची नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवायची. मग ती कातडी पिळून खाली वळवायची, नाकाच्या कडेला खाच पाडून त्यात बसवायची. चिकटवायला काय, तर काथ. विड्यातला काथ! टाक्यांचा उल्लेखच नाही. साधारण पंचविसाव्या दिवशी जोडलेली पट्टी कापायची.

या साऱ्यात सगळ्यात महत्त्वाची ती पट्टी. तिच्यातून रक्त येत राहतं म्हणून कातडी जगते. कुंभाराला रक्ताभिसरणाचा सिद्धांत माहीत असण्याची गरज नव्हती. पट्टी तोडली की कातडी काळी पडते हे त्याच्या घराण्यानं पाहिलं असणार. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही याची मला दर वेळी हळहळ वाटते. पत्र वाचून लंडनचे सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी पुढे १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली, त्यांचं नाव मात्र सगळ्या पुस्तकांत आहे.

कुंभारानं कातडी सरकवली. वाढवली नाही. नाकाएवढी जागा भरायला कपाळ पुरतं. साठ तळहातांना पुरणार नाही.

तुटलेली कातडी जगते, पण का?

पुढची पायरी पॅरिसची. १८६९ मध्ये जाक रेव्हरदँ या तरुण डॉक्टरनं कातडीचे अगदी बारीक कपचे, पूर्ण तोडून, उघड्या जखमेवर ठेवले. पट्टी नाही, रक्त नाही. तरी ते चिकटले आणि प्रत्येक कपच्याच्या कडेनं नवी कातडी पसरत गेली. पातळ कपचा असेल तर खालच्या जखमेतूनच त्याला सुरुवातीचं पोषण मिळतं आणि काही दिवसांत नवीन रक्तवाहिन्या त्यात शिरतात. आजही आपण जे स्किन ग्राफ्ट करतो त्याचं मूळ हेच.

यात एक गंमत होती आणि ती शंभर वर्षं सर्जनांच्या डोळ्यांसमोर होती. पातळ कातडी काढलेली जागा बघा. वरचा थर पूर्ण गेलेला असतो, लालभडक, रक्ताचे बारीक ठिपके. दोन आठवड्यांत तिथे नवी कातडी येते. आणि ती फक्त कडेकडून आत सरकत नाही, मध्येच बेटांसारखी उगवते. नीट पाहिलं तर ती बेटं केसांच्या मुळांभोवती असतात. डोक्याची कातडी म्हणून सगळ्यात लवकर भरते, कारण तिथे केस दाट. म्हणजे केसाच्या मुळाशी काहीतरी होतं जे नवी कातडी तयार करत होतं. सर्जनांना हे उपयोगापुरतं माहीत होतं. ते नेमकं काय, हे कुणी विचारलं नाही, किंवा विचारायचं साधन नव्हतं.

मग दुसऱ्याची कातडी का नाही लावायची? लावतात, पण ती दोन-तीन आठवड्यांत गळून पडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाजलेल्या रुग्णांच्या प्रश्नावर काम करताना पीटर मेडावार या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं दाखवलं की हे शरीराच्या प्रतिकारशक्तीचं काम आहे. त्याच दात्याची कातडी दुसऱ्यांदा लावली तर ती आणखी लवकर गळते, कारण शरीरानं तिला ओळखून ठेवलेलं असतं. १९६० चं नोबेल त्याला या वाटेवरच्या कामासाठी मिळालं. कमी लोकांना माहीत असतं की मेडावारनं १९४१ मध्ये माणसाच्या कातडीचा वरचा थर ट्रिप्सिन या पाचक विकरानं अलगद सोडवून दाखवला होता. थर सुटला. त्याच्या पेशींना पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवायचं मात्र कुणाला जमलं नव्हतं.

चुकून उगवलेली कातडी

प्रयोगशाळेत पेशी वाढवणं म्हणजे विरजण लावण्यासारखं आहे असं मी पेशंटना सांगतो. योग्य ऊब, योग्य अन्न, थोडं बी, आणि बाहेरचा जंतू शिरू द्यायचा नाही. पण त्वचेच्या बाबतीत हे विरजण लागतच नव्हतं. कातडीच्या वरच्या थराला बाह्यत्वचा म्हणतात आणि तिच्या मुख्य पेशींना केराटिनोसाइट. खालच्या जाड थरातल्या, म्हणजे अंतस्त्वचेतल्या, फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी फार दांडग्या. कातडीचा तुकडा बशीत ठेवला की गाजरगवतासारख्या त्याच माजायच्या, आणि केराटिनोसाइट थोडे दिवस तग धरून मरायच्या.

१९७० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये हॉवर्ड ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत जेम्स ऱ्हाइनवाल्ड नावाचा विद्यार्थी पीएचडी करत होता. विषय कातडीचा नव्हता. उंदराच्या टेराटोमा नावाच्या गाठीचा होता. टेराटोमा ही विचित्र गाठ. तिच्यात केस, दात, हाड, काहीही सापडतं. त्या गाठीतल्या पेशी बशीत वाढवताना काही वसाहती वेगळ्याच दिसल्या. फरशीच्या तुकड्यांसारख्या एकमेकींना चिकटलेल्या, वरचेवर थर चढवणाऱ्या पेशी. त्या केराटिनोसाइट निघाल्या. आणि आणखी एक लक्षात आलं: शेजारी फायब्रोब्लास्ट असतील तरच त्या वाढतात. ज्यांना तण समजून सगळे उपटत होते, त्यांचीच गरज होती.

मग युक्ती अशी केली. ग्रीन यांनी सहकाऱ्यासोबत १९६३ मध्ये उंदराच्या गर्भातून काढलेल्या ३टी३ नावाच्या फायब्रोब्लास्ट पेशी होत्या. त्यांना इतका किरणोत्सार द्यायचा की त्या जिवंत राहतील पण विभागणार नाहीत. अशा पेशींचा थर बशीच्या तळाला अंथरायचा आणि त्यावर माणसाच्या कातडीच्या सुट्या पेशी पेरायच्या. खालचा थर पोसतो, स्वतः माजत नाही, आणि माणसाच्या फायब्रोब्लास्टनाही आवर घालतो. १९७५ मध्ये ऱ्हाइनवाल्ड आणि ग्रीन यांनी जाहीर केलं की माणसाची एकेक त्वचापेशी बशीत वसाहत करते, आणि त्या वसाहतीतून घेतलेल्या पेशी पुन्हा पुन्हा नव्या बशीत लावता येतात.

खताचा शोध चालूच राहिला. १९७७ मध्ये पेशींची वाढ करणारं एक प्रथिन त्यात मिसळलं. पुढच्या वर्षी ग्रीन यांनी मिसळलं ते ऐकून तुम्ही दचकाल: कॉलऱ्याचं विष. हे विष पेशीच्या आत एक रासायनिक निरोप वाढवतं. आतड्यात त्यानं जुलाब होतात. बशीतल्या त्वचापेशींची मात्र त्यानं वाढ जोरात होते. आता हे विष अस्तित्वात आहे हे कुणी दाखवलं? कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी, १९५९ मध्ये, अगदी साध्या साधनांनी. त्या आधी कॉलरा जंतूच्या शरीरातल्या विषानं होतो की बाहेर सोडलेल्या, यावर वाद होता. आम्हाला कॉलरा शिकवला गेला, डे यांचं नाव कुणी घेतलेलं मला आठवत नाही.

१९७९ पर्यंत ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत वसाहती एकमेकींना भिडून अख्खा पापुद्रा तयार होऊ लागला आणि डिस्पेस या विकरानं तो बशीपासून न फाटता सोडवता येऊ लागला. टपाल तिकिटाएवढ्या कातडीपासून तीन-चार आठवड्यांत हजारो पट क्षेत्रफळ. बोस्टनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर पहिल्यांदा असे पापुद्रे लावले गेले, प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या पेशींचे; ही हकीकत १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली.

खरी कसोटी १९८३ मध्ये लागली. पाच आणि सहा वर्षांचे दोन भाऊ, अंगावरचा रंग काढायला वापरलेल्या द्रावणानं पेट घेतला आणि पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त भाजले. माझ्या वॉर्डातल्या गणितानं त्यांच्याकडे पाच तळहातसुद्धा उरले नव्हते. काखेतून दोन चौरस सेंटिमीटरच्या आसपास कातडी घेतली गेली. तिच्यापासून वाढवलेल्या पापुद्र्यांनी त्यांच्या अंगाचा साधारण अर्धा भाग झाकला गेला. दोघं वाचले. १९८४ मध्ये ही हकीकत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली.

त्यातली नेमकी कोणती पेशी?

इथपर्यंत वाचून वाटेल की काम झालं. पण एक गोष्ट सलत होती. काही पापुद्रे लावल्यावर वर्षानुवर्षं टिकायचे, काही काही आठवड्यांत विरून जायचे. दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसायचे.

आपली बाह्यत्वचा साधारण महिनाभरात पूर्ण बदलते. आंघोळीच्या वेळी घासून निघतो तो मळ म्हणजे बऱ्याच अंशी मेलेल्या केराटिनोसाइट. याचा अर्थ, जो पापुद्रा वर्षभर टिकतो त्यात कुठेतरी सतत नव्या पेशी पुरवणारं बियाणं असणार. शेतकरी सगळं धान्य खात नाही. थोडं पुढच्या पेरणीला ठेवतो. जी पेशी विभागताना एक लेक कामाला पाठवते आणि एक स्वतःसारखी मागे ठेवते, तिला मूलपेशी म्हणतात. अडचण अशी की तिच्यावर शिक्का नसतो. नुसतं बघून ओळखता येत नाही. ती पुढे काय करते यावरूनच ठरवावं लागतं.

१९८७ मध्ये यान बरांदों आणि ग्रीन यांनी नेमकं तेच केलं. एकच पेशी उचलायची, तिला वेगळी वाढवायची. वसाहत झाली की ती मोडून पेशी नव्या बशीत पेरायच्या आणि मोजायचं, किती नव्या वसाहती धरल्या आणि किती खुरटल्या. तीन प्रकार दिसले. पहिल्यात शंभरातल्या पाचाहून कमी वसाहती खुरटल्या. या पेशी प्रचंड वाढू शकतात, त्यांना त्यांनी होलोक्लोन म्हटलं. दुसऱ्या टोकाला पॅराक्लोन, ज्यांची सगळी संतती थोड्याच पिढ्यांत संपते. मधला मेरोक्लोन. वय वाढलेल्या माणसाच्या कातडीत होलोक्लोन कमी मिळाले. म्हणजे पापुद्र्याचं आयुष्य त्यात होलोक्लोन किती शिल्लक आहेत यावर ठरतं. घाईघाईनं, चुकीच्या पद्धतीनं वाढवलं तर पापुद्रा भरघोस दिसतो पण बियाणं खाऊन टाकलेलं असतं.

शरीरात या पेशी राहतात कुठे, हे १९९० मध्ये जॉर्ज कॉट्सारेलिस, तुंग-त्येन सुन आणि रॉबर्ट लावकर यांनी उंदरात शोधलं. पद्धत सुंदर आहे. पेशींच्या डीएनएत एक खूण घालायची. पेशी जितक्या वेळा विभागेल तितकी खूण अर्धी-अर्धी होत पुसट होते, शाईच्या थेंबात पाणी घालत गेल्यासारखी. काही आठवड्यांनी बघायचं, खूण कुठे टिकली. सगळ्यांची अपेक्षा होती की ती केसाच्या अगदी तळाच्या गड्ड्यात सापडेल, कारण केस तिथून वाढतो. तिथे काहीच नव्हतं. खूण टिकली होती वरच्या बाजूला, मुळाच्या भिंतीवरच्या एका बारीक फुगवट्यात. जिथे केस उभा करणारा स्नायू जोडलेला असतो, तिथे. थंडीनं किंवा भीतीनं तुमच्या अंगावर काटा येतो ना, तो काटा ओढणारा स्नायू त्वचेच्या मूलपेशींच्या वस्तीलाच बांधलेला आहे. पातळ कातडी सोलताना हा फुगवटा खाली शाबूत राहतो. शंभर वर्षं सर्जनांना दिसणाऱ्या बेटांचं उत्तर ते हे. (फुगवटा ही एकच वस्ती नाही, बाह्यत्वचेच्या तळाच्या थरातही मूलपेशी आहेत. तळहाताला केस नाहीत, तरी तिथली कातडी आयुष्यभर येत राहतेच.)

पुढे २००४ मध्ये न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात एलेन फुक्स यांच्याकडे काम करणाऱ्या तुदोरिता तुम्बार यांनी किरणोत्सारी खुणेऐवजी हिरवं चमकणारं प्रथिन वापरलं. त्यामुळे मंद विभागणाऱ्या पेशी जिवंत असताना वेगळ्या काढता येऊ लागल्या. आणि इथे ही गोष्ट पुन्हा महाराष्ट्राकडे वळते. तुम्बार यांच्या कॉर्नेलमधल्या प्रयोगशाळेत संजीव वाघमारे हे संशोधक होते. त्या वेळी एक आकर्षक कल्पना चर्चेत होती: मूलपेशी खूण टिकवतात कारण त्या जुना, मूळ डीएनए स्वतःकडे राखतात आणि नवी नक्कल लेकीला देतात, म्हणजे चुका पुढे जात नाहीत. वाघमारे आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये केसाच्या मूलपेशींच्या विभागण्या प्रत्यक्ष मोजल्या. जुन्या-नव्याची वाटणी ठरवून होत नाही, ती आपोआप, कशीही होते. खूण टिकते ती फक्त पेशी मोजक्याच वेळा विभागतात म्हणून. सुंदर कल्पना खोडणारं काम मला नेहमीच जास्त भरवशाचं वाटतं.

वाघमारे आता खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात आहेत. कॅन्सरच्या संस्थेत त्वचेच्या मूलपेशींचं काय काम, असं वाटेल. पण जी पेशी वर्षानुवर्षं जगते तिच्यातच चुका साठायला वेळ मिळतो. त्यांच्या गटानं २०१६ मध्ये दाखवलं की फॉस्फोलायपेज जातीचं एक विकर उंदराच्या त्वचेत प्रमाणाबाहेर वाढवलं तर केसाच्या मुळाशी असलेला मूलपेशींचा साठा आटतो, कारण पेशी राखीव राहण्याऐवजी कामाला लागतात. आपल्या पुण्यातही, गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशभरातल्या प्रयोगशाळांना लागणाऱ्या पेशींच्या जाती तिथे गोठवून जपल्या जातात आणि मागणीनुसार पाठवल्या जातात. आपण समोरून रोज जातो, सिग्नलला वैतागतो, आत काय आहे ते बहुतेकांना माहीत नसतं.

अजून एकच परदेशी हकीकत सांगतो, कारण तिच्यात सगळे धागे एकत्र येतात. २०१५ मध्ये जर्मनीत बोखूमच्या रुग्णालयात सात वर्षांचा एक मुलगा दाखल झाला, सीरियातून आलेल्या कुटुंबातला. जन्मजात आजार: त्वचेचे दोन थर चिकटवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात दोष. नुसत्या स्पर्शानं फोड. संसर्ग होऊन साठ टक्के बाह्यत्वचा गेली होती. वडिलांची कातडी लावून पाहिली, गळाली. मेडावारनं सांगितलं होतं तसंच. मग इटलीतल्या मिकेले दे लुका यांच्या गटाकडे चार चौरस सेंटिमीटर कातडी गेली. पेशींत दुरुस्त जनुक घातलं, पापुद्रे वाढवले, शरीराच्या ऐंशी टक्के भागावर लावले. मुलगा शाळेत गेला, फुटबॉल खेळला. पाच वर्षांनीही त्याची त्वचा चांगली होती. शास्त्रज्ञांसाठी आणखी एक मोल: घातलेलं जनुक प्रत्येक पेशीत वेगळ्या ठिकाणी बसतं, म्हणजे प्रत्येकीला आपोआप वेगळा शिक्का मिळतो. काही महिन्यांनी बघितलं तर लावलेल्या असंख्य पेशींपैकी बहुतेक वंश संपले होते. सगळी त्वचा थोड्याशा दीर्घायुषी पेशींच्या वंशातून चालली होती, आणि त्या होलोक्लोनवाल्याच. १९८७ ची बशीतली मोजणी माणसाच्या अंगावर खरी ठरली.

मग आमच्या वॉर्डात का नाही?

प्रामाणिक उत्तर असं की पापुद्रा तयार व्हायला तीन आठवडे लागतात आणि माझी पेशंट एकोणिसाव्या दिवशी गेली. शिवाय हा पापुद्रा कांद्याच्या पातीसारखा नाजूक. खाली अंतस्त्वचा नसेल तर नीट धरत नाही, संसर्ग असेल तर विरघळतो, फोड येतात. त्यात केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत. आणि निर्जंतुक प्रयोगशाळेचा खर्च. फार मोठ्या भाजण्यात आणि काही निवडक आजारांत तो अनमोल आहे, रोजचा इलाज नाही. कोडावर काही त्वचारोगतज्ज्ञ जवळचीच पण सोपी पद्धत वापरतात. पातळ कातडी ट्रिप्सिननं सुटी करून तिचा पेशींचा घोळ त्याच दिवशी पांढऱ्या डागावर लावतात. बशीत वाढवायचं काम अंगावरच सोपवलेलं.

पहिले तीन आठवडे तगवून न्यायला आजही सगळ्यात उपयोगी आहे ती मेलेल्या माणसाची कातडी. ती कायम टिकत नाही हे खरं, पण तोवर जखम झाकते. पाणी, प्रथिनं वाचतात, जंतू अडतात. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी २००० मध्ये त्वचापेढी सुरू केली. आता पुण्यातही आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा घ्यावी लागते. मांड्या, पाय, पाठ यांवरचा अगदी पातळ थर घेतात, शरीर विद्रूप होत नाही, रक्त वाहत नाही, रक्तगट जुळावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये ती बराच काळ टिकते. नेत्रदानाबद्दल घरोघरी माहीत असतं, याबद्दल विचारलं की लोक गप्प होतात. घरात एकदा बोलून ठेवा, त्या सहा तासांत कुणाला सुचत नाही.

आता ती बाटली. मूलपेशी जिवंत ठेवायला काय काय लागतं ते वर वाचलंत: पोसणाऱ्या पेशींचा थर, नेमकं तापमान, खत, आणि इतकं करूनही चुकलं तर बियाणं संपतं. ती सफरचंदाची असो की आणखी कशाची, पार्लरच्या कपाटात बाटलीत जिवंत राहत नाही. राहिली असती तरी सफरचंदाची पेशी माणसाची कातडी करणार नाही. जे आहे ते पेशी कुटून काढलेला रस. क्रीमपेक्षा मला जास्त काळजी सुयांची वाटते. केसांसाठी, सुरकुत्यांसाठी 'स्टेम सेल' टोचणारी पॅकेजं निघाली आहेत. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं रक्तमूलपेशींचं रोपण सोडलं तर बाकी मूलपेशी उपचार हे प्रयोगच धरले जातात, आणि प्रयोगासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी पॅकेज सांगितलं तर हा कोणत्या नोंदणीकृत ट्रायलचा भाग आहे, एवढं विचारा.

बाईंना मी एवढं लांबण लावलं नाही. म्हटलं, यात मूलपेशी नाहीत, चेहऱ्याची कातडी तशीही महिन्याभरात नवी येते, मुलीला उन्हात जाताना सनस्क्रीन लावायला सांगा. त्यांनी बाटलीचं झाकण उघडून मला वास दिला. "पण वास छान आहे हो." छान होता. लावू दे म्हटलं, मॉइश्चरायझर म्हणून चालेल, फक्त आधी हाताच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघा, लग्नात पुरळ नको.